कौल लावण्याआधी

दुपारचे चार वाजले होते. देवळाच्या मंडपात, धुपाच्या निळ्या धुरात गाव पेंगल्यासारखं बसलं होतं.

“देव न मानणाऱ्या बाईचं वाचनालय देवळाच्या जागेत ठेवायचं का, ते देवच सांगेल,” देवस्थानचे अध्यक्ष तात्या सामंत म्हणाले. “कौल लावू, मूर्तीच्या डाव्या-उजव्या बाजूला पाकळ्या चिकटवून. आधी डावी पडली, तर कुलूप.”

वीस वर्षं ते वाचनालय जपणाऱ्या मालिनीबाई धुराची वळणं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “चालेल तात्या. आधी देवाला हे विचारा, त्याच्या वतीनं बोलायचा अधिकार तुम्हाला आहे का?”

“ते कशाला विचारायचं? मला ठाऊक आहे.”

“म्हणजे देवाला न विचारता चालणारे गावात आपण दोघं.”

हसू मंडपभर लाटेसारखं पसरलं. गुरवानं पाकळ्यांचं तबक खाली ठेवलं.

वाचनालय उघडं आहे. तात्यांना तो अधिकार कोणी दिला, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.