हरबाची ओळख पटेना

एका गावात एक भोळा हरबा होता. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. तिथंच सगळा घोटाळा.

त्याच्या झोपडीत चुलीचा धूर कोंडायचा. आढ्यावरून विंचू पडायचे. बायको सगुणा खोकून खोकून बेजार झाली आणि माहेरी गेली. सासरेबुवा म्हणाले, "जावईबापू, उजेडाचं, हवेशीर, पक्कं घर बांधा. मगच पोर धाडीन."

हरबाला सगुणेवाचून करमेना. त्यानं रमजानमिस्त्रीला बोलावलं. झोपडीपासून थोड्या अंतरावर नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या. मिस्त्री म्हणाला, "नवं काम आहे. रोज पाणी मार, नाहीतर तडे जातील. कळलं?"

"कळलं."

भिंती झकास झाल्या. मग विजेचा मीटर आला. तोही नवाच. हरबानं बादली उचलली. ठो! सगळ्या आळीचे पंखे बंद.

"अरे शहाण्या, विजेला पाणी मारतात का?" मिस्त्री ओरडला. "वीज जपून वापरायची. खोलीत माणूस नसेल तर बंद करायचं. कळलं?"

"कळलं."

खोल्यांना रंग लागला. रंगारी जेवायला गेला. खोलीत माणूस नाही. हरबानं दारं-खिडक्या सगळं बंद केलं. रंगारी परत आला आणि वासानं भोवळ येऊन पडला.

"अरे, बटणं बंद करायची!" मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. " घर उघडं ठेवायचं. वारा खेळला की माणूस खोकत नाही. कळलं?"

"कळलं."

हरबानं पुढचं दार सताड उघडं टाकलं. वारा आला. मागोमाग शेजारच्या सात शेळ्या आल्या. त्यांनी वास्तुशांतीचं तोरण खाल्लं, केळीचे खांब खाल्ले आणि मिस्त्रीची अर्धी टोपी खाल्ली.

उरलेली टोपी डोक्यावर ठेवून मिस्त्री म्हणाला, "दाराला भिंग कशाला बसवलंय? कडी लावायची. आतून बघायचं. ओळख पटली तरच उघडायचं. कळलं?"

"कळलं."

वास्तुशांतीला सगुणा आली. संगं सासरेबुवा. हरबानं भिंगातून पाहिलं. बाहेर वीतभर बाई आणि नाक भोपळ्याएवढं!

"कोण?"

"अहो, मी सगुणा!"

"माझ्या सगुणेचं नाक असं नाही."

"मग बाहेर येऊन बघा!"

हरबा मागच्या दारानं वळसा घालून पुढं आला. "अगं, तूच की!" आनंदानं त्याचे डोळे भरले. मग तो आपल्याच दारावर धडाधडा थापा मारू लागला.

"आत कोण आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग वाजवता कुणासाठी?"

"आतल्यानं ओळखल्याशिवाय उघडायचं नाही, मामा."

सगुणा मागच्या दारानं आत गेली. लख्ख उजेड, गार वारा. तिनं छाती भरून श्वास घेतला. खोकला आला नाही. तिला फार बरं वाटलं आणि मग गंमत सुचली. तिनं भिंगाला डोळा लावला.

"कोण?"

"मी हरबा!"

"आमचे हे एवढे बुटके नाहीत. ओळख पटत नाही."

हरबा विचारात पडला. सगुणा कधी खोटं बोलायची नाही.

"मामा, तुम्ही इथंच थांबा," तो म्हणाला. "हरबा जुन्या झोपडीत राहिला असणार. मी पळत जाऊन त्याला घेऊन येतो."