आगगाडीतलं जावई

"उद्या सकाळी माझी लेक माझ्याम्होरं उभी कर! न्हाईतर बिऱ्हाड उचल आन् संस्थानाच्या भाईर हो!"

उंबरगडचं महाराज असं गरजलं आन् ठेसनावर पाणी भरणारा येसबा जाग्यावर थिजला. लेक आणायची कुठनं? महाराजांना पोरगीच न्हवती! समदं ल्योकच!

आता घोडं अडलं कुठं, तर जिभेवर. महाराजांनी लई हौसेनं आगगाडी आणल्याली. बाजाराच्या दिवशी डब्यांच्या टपापातूर माणूस, आन् तिकिटाच्या खिडकीवर कुत्रं झोपल्यालं! असल्या फुकट्यास्नी समदा मुलूख 'जावई' म्हणायचा. जावई कवा भाडं देतोय व्हय?

त्यात महाराज ठेसनावर आलं आन् विचारलं, "टपावर कोण रं ते?"

येसबा बोलून गेला, "जावई हायती, सरकार."

"कुणाचं?"

"तुमचंच की!"

झालं! महाराजांची आग मस्तकात! जावई माझं, तर लेक कुठं हाय?

येसबा घरी येऊन डोकं धरून बसला. बायको धुरपा भाकरी थापत हुती. समदं ऐकून म्हणाली, "एवढंच व्हय? उद्या मी येते."

"डोस्कं फिरलंय का तुझं?"

"तुमी गप जेवा."

सकाळी धुरपा ठेवणीतलं लुगडं नेसून, धपाट्यांची दुरडी घेऊन सरळ दरबारात! मागं येसबा, लटलट कापत.

"आबा, बरं हाय न्हवं? लेक आली माहेराला!"

कारभारी खेकसला, "ए बये! आबा कुणाला म्हणतीस?"

"कारभारी, महाराजास्नी अर्ज लिवताना वर काय लिवायचं?"

"मायबाप सरकार!"

"आन् न्हाई लिवलं तर?"

"फेकून देतो अर्ज!"

"मंग! शेतसारा घेताना बाप, आन् लेक दारात आली की वळख न्हाई? मी लेक, तशी मुलखातली परत्येक बाई तुमची लेक, आन् आमचं न्हवरं तुमचं जावई. काय खोटं बोलला माझा न्हवरा?"

महाराजांची मिशी हालली. पर गडी हेकट! म्हणालं, "बरं, जावई तर जावई! मग माझी गाडी काय जावयांनी फुकट बसून बुडवायची?"

"आबा, सणाला आला तर त्यो जावई. दर बाजाराला आला तर घरजावई! आन् घरजावयाला बसून कोण खायला घालतंय? द्या त्येंच्या हातात घागर! इंजनाला पाणी लागतंय, आन् हिरीवर माझा न्हवरा एकटा मरतोय!"

महाराज असं हसलं, असं हसलं, की पागोटं मांडीवर आलं!

"येसबा, आजपास्नं घागर सोड! समद्या घरजावयांचा मुकादम तू! आन् माझ्या लेकीला जन्मभर गाडीचा फुकट पास!"

धुरपानं पदर सावरला. "पास ऱ्हाऊ द्या, आबा. लेक माहेरातनं फुकट जात न्हाई, वटी भरून जाती!"

महाराज पुन्यांदा खदाखदा हसलं आन् आतल्या दाराकडं बघून वरडलं, "राणीसाहेब! खण-नारळ आणा, भारीतलं लुगडं आणा! लेक निघाली! आन् त्या कापणाऱ्या जावयाला एक फेटा बांधा!"