जात्याला टाकी

एका राज्यात बारा वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक मुलाला सोबतीचे दोन दिवस मिळत. पहिल्या दिवशी बापाच्या कामावर जायचे, दुसऱ्या दिवशी आईच्या. काम डोळ्यांनी पाहायचे, हातांनी करायचे, आणि दुसऱ्या सूर्यास्ताला राजापुढे उभे राहून आपले काम सांगायचे. एकदा सांगितलेले काम जन्मभराचे असे.

त्या राज्यात वेणू नावाची मुलगी होती. तिचा बाप कोंडाजी पाथरवट. पहिला दिवस तिने त्याच्या दगडांत काढला. संध्याकाळी बोटे सुजली होती, पण ती हसत घरी आली. बापाने दिलेली छिन्नी आणि हातोडी तिने कमरेला खोचली होती. दुसऱ्या दिवशी ती आई भिवराच्या मागून राजवाड्याच्या तळघराकडे निघाली, तेव्हा मात्र ती पावलोपावली मागे राहत होती.

कारण भिवराचे काम साऱ्या नगरीला ठाऊक होते, आणि ते कोणालाही नको होते.

तळघराखाली विवर होते. विवरात राजाचा खजिना होता, आणि खजिन्यावर कर्कटक मांत्रिक झोपला होता. राजाच्या आजोबांनी तो खजिना त्याच्याकडून हिरावला, तेव्हा त्याने शाप दिला होता, ‘सूर्य आकाशात असता मी उठून उभा राहीन, त्या दिवशी ही नगरी मिठाची होईल.’ एका जोगिणीने त्याला त्या खजिन्यावरच झोपवले आणि विवराच्या तोंडाशी एक जाते मांडून दिले. रात्री कर्कटकाची विद्या चालत नसे. दिवसा मात्र त्या जात्याची घरघर थांबून चालत नसे. भिवराच्या आईने ते जाते फिरवले, आणि तिच्यानंतर सोळा वर्षे भिवरा फिरवत होती. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटे खाली आला होता.

जात्याचा खुंटा धरायला दुसरे कोणी नव्हते. वेणूने हो म्हटले, तर तिचा जन्म तळघरात जाणार. नाही म्हटले, तर आईचा खांदा एक दिवस थांबणार, आणि नगरी मिठाची होणार.

तळघराच्या दारावर तीन आज्ञा कोरल्या होत्या. जाते थांबवू नये. जात्याला टाकी लावू नये. जात्यापाशी बोलू नये.

आत जात्याशेजारी विवराच्या कठड्यावर एक साळुंकी बसली होती. खाली काय चालले आहे ते सांगणे हे तिचे काम. दोघींना पाहून ती म्हणाली, “झोपला आहे. आज दोन आल्या वाटतं. एकीची भाकरी दोघींना कशी पुरायची?”

“तुझ्या भाकरीत नाही ना वाटा मागितला?” भिवरा म्हणाली. तिने पाय पसरून बैठक मारली आणि सूर्याचा पहिला किरण झरोक्यातून येताच जाते फिरवले. मग आज्ञा बाजूला ठेवून ती हळूच बोलली, “पोरी, आज तीन गोष्टी शिकायच्या. पहिली, फिरता खुंटा हातात घ्यायचा. माझा हात सुटायच्या आत तुझा बसला पाहिजे.”

वेणूने तीनदा हात पुढे केला आणि तीनदा मागे घेतला. चौथ्या वेळी तिचा हात बसला. जाते क्षणभरही अडखळले नाही.

“दुसरी. एका हाताने फिरवायचं, दुसऱ्याने जात्याच्या मुखात दाण्यांची वैरण टाकायची. मूठभर नाचणी, जास्त नाही.”

तेही जमले. दुपार झाली तेव्हा भिवरा म्हणाली, “तिसरी. आता मी चार घास खाते. तेवढा वेळ तू एकटीने फिरव. सोळा वर्षांत मी दुपारची भाकरी दोन हातांनी मोडलेली नाही.”

भिवराने भाकरी मोडली. दुसरा घास तोंडाशी गेला तोच साळुंकी ओरडली, “कूस बदलली!”

“मी थांबले नाही गं!” वेणू घाबरून म्हणाली.

“ठाऊक आहे,” साळुंकी म्हणाली. “हल्ली जातं फिरत असतानाही कूस बदलतो. परवा एकदा, काल दोनदा.”

भिवराच्या हातातला घास खाली आला. वेणूने जात्याभोवती पडलेले पीठ चिमटीत घेतले. ते पीठ नव्हतेच. अर्धे दाणे अख्खेच बाहेर पडत होते.

“आई, ही भरड आहे.”

“इथं पीठ कोणी बघत नाही, बाई. इथं आवाज महत्त्वाचा.”

“पण आवाज तरी कसला येतोय? दगडावर दगड घासतोय नुसता.” वेणूने मुखातून बोट आत घालून पाहिले. दगड नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होता. असा दगड पाहिला की बाप एकच गोष्ट करी. छिन्नीने त्यावर बारीक खाचा पाडी, म्हणजे जात्याला टाकी लावी. “याला टाकी कधी लावली होती?”

“दारावर वाचलंस ना? दिवसा जातं थांबवता येत नाही, आणि रात्री तळघराला राजाचं कुलूप असतं.”

“म्हणजे कधीच नाही?” वेणू साळुंकीकडे वळली. “तुला ठाऊक असेल. जोगिणीने काय सांगितलं होतं?”

साळुंकीने मान वाकडी केली. “आली एकदाची विचारणारी! जोगीण म्हणाली होती, जात्याच्या आवाजाने तो झोपेल, जात्याच्या पिठाने तो संपेल. वस्त्रगाळ पिठाची एक ओंजळ त्याच्या अंगावर पडली की तो दगड होईल, आणि खजिनाही दगड होईल. खजिन्याचं ऐकलं आणि राजाच्या आजोबांनी दारावर आज्ञा कोरून घेतल्या.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?” भिवराने विचारले.

“मला विचारलं कोणी, बाई? तिसरी आज्ञा तुम्ही पाळलीत, मी नाही.”

खाली काहीतरी खणखणले. साळुंकी म्हणाली, “एक डोळा उघडला.”

सूर्यास्त अजून लांब होता. भिवराने मुलीच्या कमरेच्या छिन्नीकडे पाहिले. मग तिने वेणूचा हात खुंट्यावरून उचलला, आणि जाते थांबले.

तळघरात इतकी शांतता भिवराने कधी ऐकली नव्हती.

“उचल,” ती म्हणाली. दोघींनी वरचा दगड मधल्या खुंटीतून काढून उताणा ठेवला. वेणूने छिन्नी मध्यापाशी टेकवली. बापाने सांगितले होते, मध्याकडून कडेकडे यायचे, प्रत्येक खाच आधीच्या खाचेजवळ, आणि हाताने कधीही घाई करायची नाही; जोराचा एक घाव बसला तर दगड दुभंगतो. ठक्, ठक्, ठक्.

“दुसरा डोळा,” साळुंकी म्हणाली.

शाप जागा होऊ लागला. दाराचा उंबरठा मिठाने पांढरा झाला. पाण्याचा घडा पांढरा झाला. विवरातून आवाज आला, “जाते का थांबले?”

वेणूने विवराकडे मान वळवली. भिवरा म्हणाली, “तू खाचेकडे बघ.”

“मुली,” आवाज पुढे म्हणाला, “ती छिन्नी खाली ठेव. तू मागशील ते काम मी तुला देईन. हे तळघर तुझ्या नशिबी राहणार नाही.”

“थांबा जरा,” वेणू म्हणाली. “वरचा झालाय. खालचा व्हायचाय.”

साळुंकी फिसकन हसली. पण मायलेकींना हसू आले नाही, कारण दाराकडे पसरलेल्या भिवराच्या पायांची बोटे पांढरी झाली होती. खालचा दगड अर्धा झाला तेव्हा मीठ घोट्यापर्यंत आले. पुरा झाला तेव्हा गुडघ्यांपर्यंत. भिवरा बसल्या जागेवरून हलू शकत नव्हती. तिने हात पुढे केले, दोघींनी वरचा दगड खुंटीवर बसवला, वैरण टाकली आणि एकाच खुंट्याला चार हात लागले.

जाते बोलू लागले. तो आवाज जड होता, भरलेला होता. कडेने मऊ, करडे पीठ झरू लागले.

“उठून बसला!” साळुंकी ओरडली.

वेणूने पिठाची ओंजळ भरली आणि ती कठड्याकडे धावली.

“टाकून दे ते!” भिवरा किंचाळली. “टाकीनंतरचं पहिलं पीठ आहे. दगडाची कच असते त्यात!”

“आई, मीठ तुझ्या कमरेपर्यंत आलंय!”

“येऊ दे. कचेचं पीठ मी कधी कोणाला वाढलं नाही. टाक, आणि जातं पूस.”

वेणूने ओंजळ जमिनीवर रिकामी केली. पदराने जात्याची कडा पुसली. पुन्हा वैरण, पुन्हा फेरे. मीठ भिवराच्या छातीशी आले, तरी तिचे हात खुंट्यावरून सुटले नाहीत. दुसरे पीठ झरले. भिवराने चिमूट जिभेवर ठेवली. दातांखाली काही लागले नाही.

“आता ने.”

“एक पाय टेकला,” साळुंकी म्हणाली. “दुसरा टेकतोय…”

वेणूने ओंजळ विवरावर उलटी केली. पीठ धुक्यासारखे खाली उतरले. खालून एक लांब श्वास ऐकू आला, आणि तो अर्ध्यावरच थांबला.

साळुंकी खाली उडून गेली, परत आली, आणि म्हणाली, “दगड झाला. एक पाय उचललेला आहे. आता मला काम काय?”

भिवराच्या अंगावरचे मीठ पाणी होऊन वाहून गेले. उंबरठा पुन्हा काळा झाला.

सूर्यास्ताला राजा भद्रसेन सभेत बसला. वेणूने सारे सांगितले. राजाने विचारले, “आणि खजिना?”

“खडी झाली, महाराज. रस्त्याला चालेल.”

वेणूने पुढे ठेवलेले पीठ राजाने बोटांनी चोळून पाहिले. “वाड्यात याच जात्याच्या पिठाची भाकरी होते. लहानपणापासून तिच्यात भरड लागते,” तो म्हणाला. “मला वाटे, ती अशीच असते.” मग म्हणाला, “तुझे काम सांग.”

“पाथरवटाचं, महाराज. गावोगावच्या जात्यांना टाकी लावीन.”

“दिले. पहिले काम माझे कर. दारावरच्या तिन्ही आज्ञा खरवडून काढ. खडी रस्त्यांना जाईल, आणि भिवराबाईंना जन्मभर विसावा.”

घरी कोंडाजीने भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या. तिघे जेवायला बसली. भिवराने दोन्ही हातांनी भाकरी मोडली, पण घास घेईना. तिचा उजवा हात मांडीवर गोल गोल फिरत होता. तिला ते कळतही नव्हते.

वेणूने त्या हातावर आपला तळवा ठेवला. दोन फेरे तळव्याखालीच झाले. तिसरा अर्ध्यावर आला, आणि हात थांबला.