वैद्याने स्वतःवर चालवलेली रापी

फार पूर्वी सौवीर देशात भद्रसेन राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला. शस्त्रक्रियेत त्याचा हात असा बसला, की वाळवंट ओलांडणारे तांडे त्याला सोबत घेतल्याशिवाय निघत नसत.

एकदा तो वसुगुप्त नावाच्या नायकाच्या तांड्याबरोबर निघाला. पाण्याच्या पखाली शिवणारी मेखलाही त्या तांड्यात होती. चौथ्या दिवशी चोर चालून आले. जखमी उंटवाल्याला ओढून आणताना बोधिसत्त्वाच्या मांडीत मागच्या बाजूने बाण घुसला. काडी मोडली, टोक आतच राहिले. त्याची शस्त्रांची पेटीही चोरांनी पळवली.

तीन दिवसांत मांडी टरारून सुजली. अंग तापाने भाजू लागले. जखमेपासून निघालेली लाल रेघ जांघेकडे चढू लागली. पुढचे गाव अजून आठ दिवसांच्या वाटेवर होते.

वसुगुप्त मेखलेकडे आला. "तुझी रापी चामड्यावर चालते ना? मग वैद्याची मांडी तूच काप. पण तो दगावला, तर तुला इथेच वाळूत सोडून जाईन."

मेखलेच्या तोंडचे पाणी पळाले. तिने रापी उचलली, पण ती मांडीला टेकवेना. बोधिसत्त्वाने ते पाहिले आणि आपला हात पुढे केला.

"ती इकडे दे."

"वैद्यराज, स्वतःच्याच अंगावर चालवणार?"

"दगावलो तर माझ्याच हाताने दगावेन. मग तुला कोणी बोल लावणार नाही. नायक, ऐकलंत ना?"

वसुगुप्ताने मान खाली घातली.

मग एकच धावपळ उडाली. कोणी पाणी उकळले, कोणी रापी जाळावर धरली, आचाऱ्याने आपला चिमटा आणून दिला. मेखला काशाचा आरसा घेऊन समोर बसली.

"आरसा हलवू नकोस," बोधिसत्त्व म्हणाला. "माझे डोळे मिटायला लागले, तर तोंडावर पाणी मार."

त्याने रापी टेकवली आणि एका दमात चीर दिली. भळाभळा पू आला. त्याने चिमटा आत घातला, टोक पकडले, ओढले. ते हलेना. पुन्हा ओढले, तशी रक्ताची चिळकांडी उडाली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात मेखलेला काहीतरी आठवले. तिने आरसा वसुगुप्ताच्या हातात कोंबला आणि पखालींकडे धाव घेतली. चोरांचे बाण त्यांतही रुतले होते. एक काढून ती धावतच परतली.

"हे बघा! काटा एकाच अंगाला आहे. ओढलं की फाटतं. आधी थोडं आत सरकवा, फिरवा, मग काढा. काल पखालीतून मी असंच काढलं."

बोधिसत्त्वाने टोक निरखले. त्याच्या ओठांवर हसू आले, पण डोळे फिरू लागले. मेखलेने सपकन पाणी मारले. तो भानावर आला. दात आवळून त्याने टोक आणखी आत ढकलले, फिरवले आणि हळूच ओढले. रक्ताने माखलेले टोक बाहेर आले!

उंटवाल्यांनी आरोळी ठोकली. वसुगुप्त आरसा छातीशी धरून ढसाढसा रडत होता.

मेखलेने सुईत घोड्याचा केस ओवला. बोधिसत्त्वाने तिला थांबवले. "शिवू नकोस. घाण वाहून जाऊ दे." मग तिने फडके मधात भिजवून जखमेवर ठेवले आणि घट्ट दाबून धरले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

तांडा गावात पोचला, तेव्हा बातमी पुढे गेलीच होती. गावचे वैद्य लंगडणाऱ्या बोधिसत्त्वाभोवती जमले. "असलं काटेरी टोक काढलंत कसं?"

"हिला विचारा," तो मेखलेकडे हात करून म्हणाला. "मला हिनेच शिकवलं."

ही हकिकत सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा वसुगुप्त म्हणजे तुमच्यात बसलेला भिक्खू उग्रक. मेखला म्हणजे भिक्खुणी सुदर्भा. आणि तो वैद्य मीच होतो. आपल्या मरणाचा दोषसुद्धा दुसऱ्याच्या माथी येऊ नये म्हणून त्याने ती रापी मागून घेतली. ही त्या जन्मीची करुणा."