एका दमात सहा घरं

पुरानं पाचूवाडीची सातही घरं नेली. चुली गेल्या, खुंट्या गेल्या, भिंतीसुद्धा गेल्या. सगळी माणसं टेकडीवरच्या शाळेत दाटीवाटीनं राहू लागली. छोट्या बकुळाला आणि तिच्या आईला जागा मिळाली फळ्याखाली. झोपेत नाकावर खडूची भुकटी पडायची.

एका सकाळी केळीच्या बागेत बकुळाला चिखलातून इवलीशी शिंक ऐकू आली. बघते तर काय, बोटाएवढी परी! पंख चिखलानं माखलेले. बकुळानं आपलं प्यायचं पाणी तिच्यावर ओतलं. तसे निळे, गुलाबी, मोरपंखी रंग झळाळून उठले.

"तीन गोष्टी माग," परी म्हणाली. "पण प्रत्येक गोष्ट एका दमात! मध्ये श्वास घेतलास की मागणं संपलं. आणि नवं मागितलंस की आधीचं जाईल."

"आम्हा सगळ्यांना घर दे!"

चमचम झाली. टेकडीवर घर उभं राहिलं. एकच! एका चुलीवरून सातही घरच्या बायका भांडू लागल्या.

"अगं, प्रत्येकाला वेगळं दे!"

पुन्हा चमचम. शेळीला घर मिळालं, कोंबडीला मिळालं. तान्हा गणूही स्वतःच्या घरात एकटाच भोकाड पसरून बसला.

परी ओशाळली. "मला माणसांचं कळत नाही गं."

"मग मी विचारून येते," म्हणत बकुळा पळाली.

गोदाकाकूंना उंच जोतं हवं होतं. धोंडूआजोबांना नदीकडे खिडकी.

"आजोबा, तिनंच तर घर नेलं!"

"म्हणून तर! नजरेसमोर असलेली बरी."

सगळ्यांचं ऐकून बकुळानं छाती फुगवली. "गोदाकाकूंनाउंचजोतं आजोबांनानदीकडेखिडकी गणूलाआईजवळपाळणा..." गाल लालबुंद झाले. सहावं घर सांगून झालं आणि फुस्स! दम संपला. सातवं घर तिचंच होतं.

सहा देखणी घरं उभी राहिली. परीचे डोळे भरले. "नियम मोडता येत नाही गं."

"असू दे. शाळेत आता आम्ही दोघीच. ऐसपैस झोपू!"

गोदाकाकूंनी हे ऐकलं आणि पदर खोचला. "पोरीनं आपल्यासाठी दम घालवला. आपण चार दिवस घालवू!"

कुणी माती मळली, कुणी बांबू आणले. परीनंही चिमूटभर माती वाहिली. आजोबांनी हट्टानं स्वतः खिडकी बसवली, ती वाकडीच बसली.

पाचव्या दिवशी आईनं नव्या चुलीवर दूध उतू जाऊ दिलं. परी खुदकन हसली, एक गिरकी घेतली आणि सोनेरी उजेडात विरघळून गेली.

"चहा कुणाकुणाला?" आईनं विचारलं.

सगळ्या गावानं हात वर केले.