काळ्या वळणाची परीक्षा

फार पूर्वी एका घाटावर मोठा बाजार भरत असे आणि घाटाच्या पायथ्याशी एक गाव होते. ये-जा टांग्यानेच. टांगा हाकायला राजाचा पितळी बिल्ला लागे. घाटात दरीच्या काठाने उतरणारे एक अवघड वळण होते, काळे वळण. तिथून भरलेला टांगा सुखरूप उतरवून दाखवला, तरच बिल्ला मिळे. शिवाय बिल्ले मोजकेच. एक बिल्लेवाला गेला, तरच दुसऱ्याचा नंबर.

तुळाजी हा असाच एक बिल्लेवाला. काळे वळण आले की तो सगळ्यांना खाली उतरवी आणि चाकापुढे दगड देत देत टांगा हळूहळू खाली नेई. लोक कुरकुरत. पण कुणी जवळच जायचे म्हटले, की तोही इतर बिल्लेवाल्यांसारखाच म्हणे, "तिथून परतीचं भाडं मिळत नाही. दुसरा टांगा बघा."

मग एका व्यापाऱ्याने बाजारात घंटा टांगली. दोर ओढा, ज्याची गाडी मोकळी असेल तो येईल. बिल्ला नको, नकार नाही, वळणावर उतरायलाही नको! कोंडिबा कुंभाराची मडकी खपत नव्हती. त्यानेही आपली गाडी घंटेखाली उभी केली.

प्रवासी घंटेकडे वळले आणि तुळाजीच्या घोड्याच्या फासळ्या दिसू लागल्या. बायको म्हणाली, "अहो, बिल्ला काय चाटायचाय? तुम्हीही घंटेखाली उभे राहा, नाहीतर घोडा तरी विका!"

एके दिवशी काळ्या वळणावर कोंडिबाची भरलेली गाडी घसरली. मागून तुळाजी रिकामाच येत होता. त्याने उडी मारून चाकापुढे दगड सारला. गाडी दरीच्या काठावर थांबली.

"बघा! बिल्ला नसला की असं होतं!" तो धापा टाकत ओरडला.

गाडीतून एक आजी उतरली. "अरे शहाण्या, बिल्ला असणाऱ्यानंच परवा भाडं नाकारून मला भर उन्हात पायी पाठवलं. तूच होतास तो!"

तुळाजी वाकून चाकापुढे आणखी एक दगड सारू लागला.

प्रकरण राजाकडे गेले. घंटा बंद म्हटली की प्रवासी ओरडत. बिल्ला रद्द म्हटला की बिल्लेवाले ओरडत. राजाही गोंधळला. शेवटी म्हणाला, "बिल्ल्याशिवाय गाडी नाही. पण जो वळणावरून गाडी नीट उतरवील त्या प्रत्येकाला बिल्ला मिळेल. परीक्षा तुळाजी घेईल."

पहिला आला कोंडिबाच. "मामा, जरा सांभाळून घ्या हं!"

त्याने माणसे उतरवली, दगड देत देत गाडी खाली आणली. एकदाच दगड द्यायला किंचित उशीर झाला. तुळाजीशिवाय ते कुणाला दिसलेही नाही.

"उशीर केलास," तुळाजी म्हणाला.

कोंडिबाचा चेहरा पडला. "मग नापास?"

ही चूक आपल्याला घाटासाठी खुपतेय की आपल्या उपाशी घोड्यासाठी, हे तुळाजीला कळेना.

"परत वर जा," अखेर तो म्हणाला. "मी शेजारी चालतो. कधी दगड द्यायचा ते बघ. मग तिसऱ्यांदा एकट्यानं कर."

तिसऱ्या खेपेला उशीर झाला नाही. तुळाजीने आपल्या हाताने त्याला बिल्ला लावला.

घरी बायकोने विचारले, "पास केलंत? मग आता आपलं काय?"

"ठाऊक नाही," तुळाजी म्हणाला. "पण खोटंच नापास केलं असतं, तर उद्यापासून त्या वळणावर मलाच दगड नीट देता आला नसता."

तात्पर्य एवढेच: परीक्षा घेणाऱ्याने समोरच्याचे काम पाहावे, आपले नुकसान पाहू नये. मन गोंधळले, तर आणखी एकदा पाहावे.