राहिलेलं अर्धं वचन

अवकाळी पावसात ऊसतोड कामगारांच्या खोपी वाहून गेल्या, तेव्हा चर्चची झाडलोट करणाऱ्या राहेलबाईंनी त्यांच्यातल्या एका बाळंतिणीला थेट चर्चमध्ये आणून निजवलं.

सकाळी उपासनेला मंडळी जमली. चर्चच्या पंचांचे प्रमुख, निवृत्त मामलेदार शमुवेलराव त्रिभुवन, दारातूनच कडाडले, "कोणाला विचारून आणलं हिला? आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!"

उपासना चालवणारे तरुण पाळक आशीर्वाद लोंढे हातातलं बायबल चाळू लागले. मामलेदारांपुढे तोंड उघडायची त्यांची छाती नव्हती. राहेलबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"बाई, अधीन राहावं असं शास्त्र सांगतं. ठाऊक आहे ना?" शमुवेलरावांनी दरडावलं.

"ठाऊक आहे, साहेब," राहेलबाई हात जोडून म्हणाल्या. "पण शास्त्र सांगतं, एकमेकांच्या अधीन राहा. त्यातलं माझं अर्धं मी तीस वर्षं पाळलं. तुमचं अर्धं अजून राहिलंय."

आता बाईंची धडगत नाही, असं पाळकांना वाटलं. शमुवेलरावांची नजर बाईंच्या मागे, बाळंतिणीच्या कुशीतल्या बाळावर गेली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सांगा बाई, काय करू?"

"पोरीला ऊन पाणी हवंय."

मामलेदार बाहेर गेले. शेजारच्या घरून ऊन पाण्याची बादली दोन्ही हातांनी उचलून, पायांवर पाणी सांडत ते आत आले, तेव्हा अख्खी मंडळी उभी राहिली. मामलेदारांना पाहून लोक आजवर धाकानं उठायचे. त्या दिवशी त्यांना बसवेनाच.